गुरुत्वाकर्षण निवलं म्हणजे काय झालं?

जयंत नारळीकर जन्माने कोल्हापूरचे. १९ जुलै १९३८ ला ते इथे जन्मले आणि २० मे २०२५ ला पुण्यात वारले. त्यांच्याबद्दल जे लिहिलं गेलं त्यात ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांचं नाव येतं, स्थिर स्थिती विश्वाचा सिद्धांत येतो आणि मध्येच 'सी-फील्ड' असा एक शब्द येऊन जातो. तो शब्द म्हणजे काय, हे सांगायच्या भानगडीत फारसं कुणी पडत नाही. सांगायचं तर 'अदिश क्षेत्र' समजावावं लागतं, आणि वर्तमानपत्रातल्या चौकटीत ते मावत नाही.

या अदिश क्षेत्रांबद्दल गेल्या काही वर्षांत भौतिकशास्त्रज्ञ एक चमत्कारिक भाषा बोलू लागले आहेत. २०२१ मध्ये व्हॅलेरियो फराओनी आणि आंद्रेआ जुस्ती यांनी असं मांडलं, की गुरुत्वाकर्षणाच्या एका मोठ्या गटातल्या सिद्धांतांना 'तापमान' जोडता येतं आणि त्या मोजपट्टीवर आईनस्टाईनचा सिद्धांत बरोबर शून्यावर येतो. हे सांगितल्यावर आमच्या एका स्नेह्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे गुरुत्वाकर्षणाला ताप आलाय व्हय?" प्रश्न चेष्टेतला असला तरी अगदी नेमका आहे. ताप कुणाला, कशाचा आणि मोजायचा कसा, एवढंच या लेखात बघू.

प्रत्येक ठिकाणी एक आकडा

गूळ करताना गुऱ्हाळावर कधी उभे राहिला असाल तर अर्धं काम झालंच. चुलवाणावर काहील चढलेली आहे, खाली चिपाडाचा जाळ आहे, आत उसाचा रस उकळतोय. त्या रसात कुठेही तापमापक बुडवला तर एक आकडा मिळतो. मध्यभागी वेगळा, कडेला वेगळा, थोड्या वेळाने आणखी वेगळा. प्रत्येक जागी, प्रत्येक क्षणी एकच आकडा: याला अदिश क्षेत्र म्हणतात. वाऱ्याचं तसं नसतं. तिथे किती वेगाने याबरोबर कुठल्या दिशेने हेही सांगावं लागतं. तापमानाला दिशा नाही.

मूलभूत म्हणता येईल असं अदिश क्षेत्र निसर्गात आजवर एकच सापडलं आहे, हिग्ज क्षेत्र. २०१२ मध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत त्याचा कण मिळाला. बाकीची अदिश क्षेत्रं अजून कागदावरच आहेत, पण कागदावर त्यांची गर्दी आहे. कृष्ण ऊर्जा, म्हणजे विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवणारी अनोळखी ऊर्जा, समजावायला एक, विश्वाच्या आरंभीचा अतिवेगवान फुगवटा समजावायला एक, आणि खुद्द गुरुत्वाकर्षण बदलायला एक.

नारळीकर-हॉईल यांचं सी-फील्ड याच जातीचं. विश्व प्रसरण पावतं तरी त्याची घनता तीच राहते, कारण नवं द्रव्य निर्माण होत राहतं, असं स्थिर स्थिती सिद्धांत म्हणत होता. हॉईल, बाँडी आणि गोल्ड यांनी तो १९४८ मध्ये मांडला. मग हे द्रव्य येतं कुठून? ऊर्जेचा हिशेब कसा जुळायचा? हॉईल आणि नारळीकरांनी १९६० च्या दशकात उत्तर दिलं ते असं: एक अदिश क्षेत्र सगळीकडे आहे, त्याची ऊर्जा ऋण आहे, द्रव्य जमेला येतं तेव्हा हे क्षेत्र खर्चाच्या बाजूला जातं. १९६५ मध्ये विश्वाच्या पार्श्वभूमीवरचं सूक्ष्मलहरी प्रारण सापडल्याचं जाहीर झालं आणि बहुतेकांनी महास्फोटाच्या बाजूने कौल दिला. नारळीकरांनी मात्र हा विचार सोडला नाही. १९९३ मध्ये हॉईल आणि बर्बिज यांच्यासह त्यांनी त्याची सुधारलेली आवृत्ती मांडली. तो कौल बदलेल असं मला वाटत नाही. पण ऋण ऊर्जेचं अदिश क्षेत्र घेऊन व्यापक सापेक्षतेत, म्हणजे आईनस्टाईनच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांतात, हिशेब मांडायचं धाडस त्यांनी केलं, तशाच क्षेत्रांवर आज कृष्ण ऊर्जेच्या संदर्भात ढिगाने शोधनिबंध निघतात. त्या वेळी तिकडे फार कमी लोक बघत होते.

'जी' स्थिर आहे हे कुणी सांगितलं?

गुरुत्वाकर्षण किती जोराचं, हे एका स्थिरांकावर ठरतं. न्यूटनच्या सूत्रातला मोठा जी. शाळेत तो पाठ करून घेतात आणि विषय तिथेच संपतो. आईनस्टाईनने १९१५ मध्ये सगळं चित्र पालटलं. गुरुत्वाकर्षण म्हणजे ओढ नव्हे, द्रव्यामुळे अवकाशकालाला (अवकाश आणि काळ यांच्या एकसंध पटाला) आलेला बाक, असं तो म्हणाला. पण जी त्याच्याही समीकरणात स्थिरच राहिला.

प्रिन्स्टनमध्ये कार्ल ब्रान्स आणि रॉबर्ट डिकी यांनी १९६१ मध्ये तोही मोकळा सोडला. त्यांच्या सिद्धांतात जीच्या जागी एक अदिश क्षेत्र येतं. त्याला ग्रीक अक्षरावरून फाय म्हणू. फाय जास्त तिथे गुरुत्वाकर्षण कमजोर, फाय कमी तिथे जोरदार. जर्मनीत पास्कुआल योर्दान यांनी आधीच या दिशेने काम केलं होतं. या सिद्धांतात ओमेगा नावाचा एक आकडाही असतो. द्रव्य जवळ आलं तरी फाय किती हटून बसतं, हे तो सांगतो. ओमेगा प्रचंड मोठा असेल तर फाय जवळजवळ हलतच नाही आणि सिद्धांत आईनस्टाईनच्या सिद्धांतासारखा वागू लागतो.

हा धागा हातात ठेवा: फाय हललं नाही की आपण आईनस्टाईनकडे परत येतो. पुढचं सगळं यावर उभं आहे.

क्षेत्राचा द्रव कसा होतो

आईनस्टाईनच्या समीकरणाला दोन बाजू आहेत. डावीकडे भूमिती, म्हणजे अवकाशकाल किती आणि कसा वाकला आहे. उजवीकडे द्रव्य, म्हणजे तिथे किती ऊर्जा आहे, किती दाब आहे, काय कुठे वाहतंय. ब्रान्स-डिकीचं समीकरण याहून गुंतागुंतीचं आहे, कारण फाय सगळीकडे घुसलेलं असतं. पण एक क्लृप्ती करता येते. डावीकडे फक्त आईनस्टाईनची भूमिती ठेवायची आणि फाय असलेली यच्चयावत पदं उचलून उजवीकडे टाकायची. मग उजवी बाजू अशी वाचायची, जणू तिथे कुठलासा द्रव भरला आहे.

द्रव म्हटला की तो वाहतो कुठे, हे आधी ठरवावं लागतं. फाय अवकाशकालात ज्या दिशेने सर्वांत झपाट्याने बदलतं तीच प्रवाहाची दिशा धरायची. ही दिशा काळाच्या अंगाने जात असेल, म्हणजे फाय जागेपेक्षा वेळेनुसार जास्त बदलत असेल, तर त्या प्रवाहाबरोबर निघालेला निरीक्षक कल्पिता येतो. त्याला आजूबाजूला त्या क्षणी सगळीकडे सारखंच फाय दिसतं. असे सगळे निरीक्षक मिळून आपला द्रव होतो. या द्रवात भोवरा कधीच पडत नाही. त्याचा वेग एकाच आकड्याच्या चढउतारातून काढलेला असतो आणि अशा प्रवाहाला गोल फिरताच येत नाही, हे गणितातच बांधलेलं आहे.

आता निरीक्षकाला त्याच्या द्रवात काय काय दिसतं? अदिश क्षेत्र साधं असेल, विश्वात नुसतं भरून राहिलेलं आणि जीच्या वाटेला न जाणारं, तर दोनच गोष्टी दिसतात: ऊर्जाघनता आणि दाब. असा द्रव 'आदर्श' म्हणवतो. त्यात घर्षण नाही, उष्णतेची ने-आण नाही. क्षेत्राची ऊर्जा दोन भागांची असते, एक बदलण्याच्या वेगाची आणि एक नुसती साठलेली. ऊर्जाघनतेत दोन्हींची बेरीज येते, दाबात मात्र वजाबाकी: वेगाची ऊर्जा वजा साठलेली ऊर्जा. क्षेत्र जवळपास थांबलेलं असेल तर दाब ऋण होतो. ऋण दाब विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढवतो. कृष्ण ऊर्जेसाठी अदिश क्षेत्राला उमेदवारी मिळते ती इथून.

फाय मात्र जीमध्येच गुंतलेलं आहे. त्यामुळे उजवीकडे आणलेल्या पदांत आणखी काही भाग निघतात. एक भाग हुबेहूब उष्णतेच्या प्रवाहासारखा असतो. दुसरा श्यानतेसारखा, म्हणजे द्रवाच्या थरांचं एकमेकांवर जे घर्षण होतं तसा. काहिलीतला रस आटून काकवीवर आला की हलवणाऱ्याच्या हाताला जे लागतं, ती श्यानता. थोडक्यात, हा द्रव आदर्श राहिला नाही. तो आता खऱ्या, चिकट, तापणाऱ्या रसाच्या जातीचा झाला.

उष्णतेलाही वजन असतं

उष्णतेचा प्रवाह दिसला म्हटल्यावर तापमान शोधायचा मोह होणारच. फूरियेचा जुना नियम आपल्याला ठाऊक आहे: उष्णता गरमाकडून गाराकडे जाते, आणि किती जाते हे तापमानातल्या फरकावर आणि पदार्थाच्या उष्णतावाहकतेवर ठरतं. सापेक्षतेत हा नियम अपुरा पडतो. उष्णता ही ऊर्जा, ऊर्जेला वस्तुमान, म्हणजे उष्णतेलाही जडत्व आलं. रिचर्ड टोलमन यांनी १९३० मध्ये दाखवलं, की गुरुत्वाकर्षणात पूर्ण समतोल झाला तरी खालची बाजू वरच्यापेक्षा किंचित गरम असते. पृथ्वीवर हा फरक एका मीटरच्या उंचीला एकावर सोळा शून्यांमागे एक भाग इतका, म्हणजे कुठल्याही गुळव्याने दखल घ्यावी असा नाही.

कार्ल एकार्ट यांनी १९४० मध्ये हे सूत्रात बसवलं. त्यांच्या नियमात उष्णतेच्या प्रवाहाची कारणं दोन: एक तापमानातला फरक, दुसरं द्रवाचं त्वरण. दुसऱ्या पदात वाहकता, तापमान आणि त्वरण यांचा गुणाकार येतो.

फराओनी आणि जुस्ती यांनी फाय-द्रवातला उष्णताप्रवाह या नियमाशेजारी ठेवला. पहिलं पद सापडलंच नाही; दुसरं तंतोतंत बसलं. त्वरणाच्या पुढे जे उरलं ते वाहकता गुणिले तापमान. आणि त्याची किंमत? फाय किती वेगाने बदलतंय, भागिले खुद्द फाय, आणि त्याला आठ गुणिले पाय (३.१४) एवढ्याने आणखी भागायचं. बास.

फाय स्थिर असेल तर बदलाचा वेग शून्य, म्हणून गुणाकारही शून्य. फाय स्थिर म्हणजे आईनस्टाईन. तेव्हा व्यापक सापेक्षता ही गुरुत्वाकर्षणाची निवलेली अवस्था आणि फाय हलत असलेला प्रत्येक सिद्धांत ही कमीअधिक तापलेली अवस्था. काहिलीतला रस वाफ्यात ओतला, निवला, साच्यात ढेप झाली. आता तिच्यात काही वाहत नाही. आईनस्टाईनचा सिद्धांत म्हणजे ती ढेप.

या सगळ्यात गणितातून हाताला लागतो तो गुणाकार. त्यातलं तापमान किती आणि वाहकता किती, हे वेगळं काढता येत नाही. 'गुरुत्वाकर्षणाचं तापमान' असा मथळा कुणी दिला तर हे ध्यानात ठेवायचं.

चंद्रावरचे आरसे

माझ्या मते या विषयातली सर्वांत उपयोगाची गोष्ट इथे आहे आणि ती अनेकदा समीकरणांत दडून जाते. फाय वाढलं की जी त्याच प्रमाणात कमी होतो. म्हणजे 'फायच्या बदलाचा वेग भागिले फाय' हा दुसरं तिसरं काही नसून जी दर वर्षी किती टक्क्यांनी बदलतो, त्याचाच आकडा आहे. ज्याला तापमान-वाहकता म्हटलं, ते गुरुत्वाकर्षणाच्या जोराच्या बदलाचा दर निघालं. आणि हा दर मोजता येतो.

अपोलो ११, १४ आणि १५ या मोहिमांनी चंद्रावर परावर्तक ठेवले. पृथ्वीवरून त्यांच्यावर लेसरचा झोत सोडून तो परत यायला किती वेळ लागला ते मोजतात. चंद्राचं अंतर असं दशकानुदशकं मोजलं जातंय. भरती-ओहोटीमुळे चंद्र वर्षाला सुमारे ३.८ सेंटीमीटर लांब जातो, ते गणित वेगळं काढता येतं. जी कमी होत असता तर चंद्राच्या कक्षेत आणखी काही फरक दिसला असता. तो दिसलेला नाही. जी बदलत असेलच तर वर्षाला एक लाख कोटी भागांत एका भागाहून कमी, इतकी कडक मर्यादा या मोजणीने घातली आहे. गुरुत्वाकर्षणाच्या तापमानाचा थर्मामीटर असा १९६९ पासूनच बसवलेला होता म्हणायचा. एक पुरवणी मात्र जोडायला हवी: काही सिद्धांतांत सूर्यमालेसारख्या दाट जागी फाय दबलेलं राहतं आणि दूरच्या पोकळ अवकाशात मोकळं असतं. त्यांच्या बाबतीत चंद्राचा आकडा विश्वभर लागू करता येत नाही.

शनीकडे निघालेल्या कॅसिनी यानाचे रेडिओ संदेश सूर्याजवळून येताना किती उशिरा पोचतात, त्याच्या मोजणीचा निकाल २००३ मध्ये आला. ओमेगा ४०,००० हून मोठा असला पाहिजे, असं त्यातून निघालं. १९६० च्या दशकात ओमेगा पाच-सहाच्या आसपास असेल अशी डिकी यांची अपेक्षा होती.

निवतं कधी, तापतं कधी

द्रवाला तापमान दिलं की ते वेळेबरोबर कसं बदलतं, हा पुढचा प्रश्न. त्याचंही समीकरण निघतं आणि त्यात तीन पदांची ओढाताण आहे. द्रव पसरत असेल तर निवतो. आधीच तापलेला असेल तर त्या तापाच्या वर्गाच्या प्रमाणात आणखी तापतो. तिसरं पद आजूबाजूच्या द्रव्याचं: ते फायला किती ढकलतं. ब्रान्स-डिकी सिद्धांतात प्रकाशासारखं शुद्ध प्रारण फायला ढकलत नाही, साधं द्रव्य ढकलतं, आणि ओमेगा मोठा असेल तर तेही जेमतेम.

आपलं विश्व पसरतंय. वाफ्यात पसरलेला रस जसा लवकर निवतो तसं फायही पसरणाऱ्या विश्वात निवत जातं आणि सिद्धांत आईनस्टाईनकडे झुकतो, पण पसरण्याचा जोर तापण्याच्या जोरापेक्षा जास्त असला तरच. थिबो दामूर आणि केनेथ नॉर्डटवेट यांनी १९९३ मध्ये, उष्णतेची ही भाषा यायच्या कितीतरी आधी, वेगळ्या मार्गाने हेच सांगितलं होतं: अशा अनेक सिद्धांतांतलं विश्व काळाबरोबर व्यापक सापेक्षतेकडे ओढलं जातं. दोन वाटांनी एकाच गावी पोचलो की जरा भरवसा वाटतो.

उलट टोक जास्त मजेचं आहे. द्रव जिथे अनावर आकुंचन पावतो, उदाहरणार्थ ज्या बिंदूत घनता अनंत होते असं समीकरणं सांगतात तिथे, तापमान वाढत सुटतं. म्हणजे आईनस्टाईनपासून सर्वांत दूर असलेलं गुरुत्वाकर्षण अशाच जागी असावं. द्रव्याच्या प्रवाहाचं असं आकुंचन मोजायचं समीकरण कोलकात्याच्या अमलकुमार रायचौधुरी यांनी १९५५ मध्ये दिलं. आजही त्याच्यावाचून पान हलत नाही.

पण खरंच काही गरम असतं का?

नाही. हात लावला तर चटका बसेल असं तिथे काही नाही. फाय-द्रवाचे रेणू नाहीत, ते धडपडत नाहीत आणि साध्या तापमानाची जी सूक्ष्म व्याख्या आहे ती इथे लागू करता येत नाही. समीकरणाच्या उजव्या बाजूचा घाट एकार्टच्या द्रवासारखा आहे, इतकाच दावा आहे. 'विश्वाची ऊर्जा', 'कंपनं' वगैरे विकणाऱ्यांच्या हातात हे वाक्य पडलं की काय होईल याची कल्पना मला आहे, म्हणून एवढ्या स्पष्टपणे लिहिलं.

कृष्णविवरांच्या तापमानाशीही याची गल्लत करू नये. ते वेगळं प्रकरण आहे आणि बरंच खोल आहे. जेकब बेकेन्स्टाईन यांनी १९७२-७३ मध्ये कृष्णविवराच्या पृष्ठभागाच्या क्षेत्रफळाला एन्ट्रॉपी जोडली, म्हणजे आतल्या मांडणीचं आपल्याला नसलेलं ज्ञान मोजायचं माप. १९७४ मध्ये स्टीफन हॉकिंग यांनी कृष्णविवराला खरंखुरं तापमान असतं असं दाखवलं. सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं ते केल्विनच्या एक कोटीव्या भागाहूनही कमी भरतं. १९९५ मध्ये टेड जेकबसन यांनी हे सगळं उलटं फिरवलं. उष्णता, तापमान आणि एन्ट्रॉपी यांचा साधा नियम गृहीत धरला आणि त्यातून आईनस्टाईनचं समीकरण बाहेर काढलं. वायूचा दाब आणि तापमान यांचं जसं समीकरण असतं, तसंच हे अवकाशकालाचं, असा त्याचा अर्थ. पुण्यात आयुकामध्ये थानू पद्मनाभन यांनी हा विचार वर्षानुवर्षं पुढे नेला. नारळीकरांनी १९८८ मध्ये उभी केलेली ती संस्था. क्षितिजासारख्या, म्हणजे कृष्णविवराच्या सीमेसारख्या, पृष्ठभागांवर आईनस्टाईनची समीकरणं द्रवाच्या प्रवाहाची समीकरणं होऊन बसतात, हेही पद्मनाभन यांनी सविस्तर दाखवलं. सप्टेंबर २०२१ मध्ये ते गेले.

२००६ मध्ये जेकबसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी आईनस्टाईनहून वेगळा सिद्धांत याच रीतीने काढून पाहिला. तेव्हा समतोलाचं उष्णताशास्त्र पुरेना. असमतोलाचं, घर्षणासकटचं वापरावं लागलं. आईनस्टाईन म्हणजे समतोल आणि बाकीचे म्हणजे असमतोल, ही कल्पना तिथून आली. फराओनी-जुस्ती यांनी क्षितिजांची यंत्रणा बाजूला ठेवली आणि तीच कल्पना थेट समीकरणातून वाचली. त्यामुळे त्यांचं काम सोपं झालं आणि दावाही लहान झाला.

ही नुसती नावांची अदलाबदल नाही का?

हा आक्षेप मला पटतो, निदान अर्धा. फायची पदं उजवीकडे नेल्याने निसर्ग बदलत नाही. ब्रान्स-डिकीच्या समीकरणातून जे भाकीत आधी निघत होतं तेच आताही निघतं.

तरी दोन गोष्टी पदरात पडतात. पहिली म्हणजे मोजपट्टी. गुरुत्वाकर्षणाचे पर्यायी सिद्धांत आता इतके झालेत की कोणता आईनस्टाईनच्या किती जवळ, हे सांगायला एखादा आकडा हवाच होता. दुसरी गोष्ट, कोणत्या सिद्धांतात ही भाषा मोडते हेही कळतं. हे काम पुढे हॉर्नडेस्की नावाने ओळखल्या जाणाऱ्या सिद्धांतांच्या मोठ्या कुटुंबावर नेलं, तेव्हा ज्या सदस्यांत गुरुत्वीय लहरींचा वेग प्रकाशापेक्षा वेगळा निघतो, तिथेच एकार्टचा साचा बसेना. आणि तेच सदस्य १७ ऑगस्ट २०१७ ला आधीच अडचणीत आले होते. त्या दिवशी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीतून निघालेल्या गुरुत्वीय लहरी आणि गॅमा किरण सुमारे १३ कोटी वर्षं प्रवास करून एकमेकांमागे अवघ्या १.७ सेकंदांनी पोचले. दोघांचा वेग एकच असल्याशिवाय हे घडत नाही. यात काही खोल संबंध आहे की योगायोग, यावर पैज लावायला मी तयार नाही.

गुऱ्हाळ कुठे साथ सोडतं

काहिलीत उष्णता वाहते कारण बूड गरम आणि वरची बाजू गार असते. फाय-द्रवात तापमानाचा फरक नसतानाही, केवळ त्वरणामुळे, उष्णता वाहते. आणि सगळीकडे सारख्या असलेल्या विश्वात त्वरणच नसतं, त्यामुळे तिथे प्रवाह शून्य, तरी तापमान-वाहकतेचा गुणाकार मात्र शून्य नाही. रसाच्या बाबतीत असं कुणी सांगितलं तर आपण त्याला बाहेरचा रस्ता दाखवू.

याहून अवघड म्हणजे श्यानता ऋण निघते. काकवी हलवणाऱ्याला विरोध करते. ऋण श्यानतेचा द्रव थरांमधला फरक मिटवण्याऐवजी वाढवतो. बंदिस्त पदार्थात हे अशक्यच. बाहेरून सतत ऊर्जा मिळणाऱ्या प्रवाहात मात्र तसं परिणामी वागणं दिसू शकतं, आणि फाय-द्रव एकटा नाहीच, तो भूमितीशी बांधलेला आहे. हा बचाव चुकीचा नाही, पण मला तो थोडा सोयीचा वाटतो.

शांत, न बदलणाऱ्या ताऱ्याभोवती तर चित्रच लागू होत नाही. तिथे फाय जागेनुसार बदलतं, वेळेनुसार नाही; प्रवाहाबरोबर जाणारा निरीक्षक कल्पिताच येत नाही. शिवाय एकार्टच्या नियमात उष्णता क्षणात कितीही लांब पोचू शकते, जे सापेक्षतेला मान्य नाही. १९८५ मध्ये हिस्कॉक आणि लिंडब्लॉम यांनी त्यातला समतोल अस्थिर असल्याचंही दाखवलं. यापेक्षा नीट नियम उपलब्ध आहेत, पण त्यांनी गणित फार वाढतं. आज हे काम करणारे एकार्टला पहिली पायरी म्हणून वापरतात आणि तसं सांगतातही.

कृष्ण ऊर्जेच्या बातम्यांशी संबंध काय

अमेरिकेत अ‍ॅरिझोनातल्या किट पीकवर डेसी नावाचं उपकरण आहे. एका वेळी ५,००० प्रकाशतंतूंनी ते तेवढ्याच खगोलांचा प्रकाश गोळा करतं. मार्च २०२५ मध्ये त्याच्या पहिल्या तीन वर्षांच्या निरीक्षणांचा निकाल आला, सुमारे दीड कोटी दीर्घिका आणि क्वेसारांचा (क्वेसार म्हणजे दूरच्या दीर्घिकांची अतितेजस्वी केंद्रं). ही मोजणी इतर निरीक्षणांशी जोडली तर कृष्ण ऊर्जा स्थिर नसून काळाबरोबर कमजोर होत असावी, असा कल त्यात दिसतो.

इथे दाब भागिले ऊर्जाघनता हा आकडा महत्त्वाचा. कृष्ण ऊर्जा अगदी स्थिर असेल तर तो नेहमी वजा एक. डेसीच्या आकड्यांना सर्वांत बरी जुळणारी रेषा म्हणते, की पूर्वी तो वजा एकच्याही खाली होता आणि नंतर वर आला. साध्या अदिश क्षेत्राला हे जमत नाही, आणि का ते वरच्या बेरीज-वजाबाकीतून लगेच दिसतं. ऊर्जाघनता आणि दाब यांची बेरीज केली की साठलेली ऊर्जा कटते आणि वेगाच्या ऊर्जेची दुप्पट उरते. ती कधी ऋण होत नाही. आकडा वजा एकच्या खाली न्यायचा तर वेगाची ऊर्जाच ऋण हवी, सी-फील्डसारखी, किंवा मग क्षेत्र जीमध्ये गुंतलेलं हवं, म्हणजे आपला उष्णता वाहणारा, आदर्श नसलेला द्रव. दुसऱ्या पर्यायावर सध्या बरंच काम चाललं आहे.

आकडेशास्त्रात एखादा निष्कर्ष किती पक्का हे सिग्मा या मापाने सांगतात आणि भौतिकशास्त्रात शोध म्हणवून घ्यायला पाच सिग्मा लागतात. डेसीचा कल २.८ ते ४.२ सिग्मा इतका आहे. कोणत्या अतिनवताऱ्यांची (स्फोट पावलेल्या ताऱ्यांची) यादी सोबत घेता यावर तो बदलतो. शिवाय वजा एकच्या खालचा भाग निवडलेल्या सूत्राच्या आकारातूनही आलेला असू शकतो, कारण त्या दूरच्या काळात कृष्ण ऊर्जेचा वाटा मुळातच थोडा होता आणि मोजमापाची पकड तिथे सैल आहे. डेसीची निरीक्षणं चालू आहेत. जुलै २०२३ मध्ये सुटलेली युक्लिड ही युरोपीय अवकाश दुर्बीणही विश्वाचं प्रसरण वेगळ्या रीतीने मोजते आहे.